दातांचा ठसा आणि पाणी

या वर्षी कोणत्या विषयावर बोलणार, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही 'दातांचा ठसा आणि पाणी' असे उत्तर दिले. मंडळी क्षणभर गप्प राहिली. मग त्यांतील एक गृहस्थ संकोचाने म्हणाले, "विषय जरा कोरडा वाटतो." आम्ही म्हटले, तो कोरडा नाही हीच तर आमची सारी अडचण आहे! तोंड ही शरीरातील अतिशय ओली जागा, आणि त्या ओल्या जागेत बसून केसापेक्षाही बारीक माप घ्यावयाचे, हे आमच्या धंद्याचे काम. ते माप कशाने बिघडते, असे आम्हांस कोणी एका शब्दात विचारले तर आम्ही 'पाण्याने' असेच सांगू. आणि ते कशाने साधते असे विचारले तरी उत्तर पुष्कळदा तेच द्यावे लागेल. हा विरोधाभास उलगडून दाखवावा एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम ठसा म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी ज्यांनी कवळी किंवा कॅप बसवून घेतली आहे, त्यांना 'माप देण्याचा' प्रसंग आठवत असेल. डॉक्टर एका ट्रेमध्ये मऊ लगदा भरतात, तो दातांवर दाबून धरतात, दोनचार मिनिटांनी लगदा घट्ट झाला की ट्रे बाहेर काढतात. त्या लगद्यात दातांच्या जागी खळगे उमटलेले असतात. हा झाला ठसा. त्या खळग्यांत पाण्यात कालवलेली प्लास्टरची भुकटी ओतली आणि ती घट्ट झाली, की दातांची हुबेहूब प्रत मिळते. तिला आपण नमुना म्हणू. मोदकाचा साचा आणि मोदक यांचे जे नाते, तेच ठसा आणि नमुना यांचे. कवळी किंवा कॅप करणारा तंत्रज्ञ रोग्याचे तोंड कधी पाहत नाही. त्याच्यापुढे असतो तो नमुना. म्हणून साचा बिघडला की मोदक बिघडतो, आणि साचा बिघडला आहे हे मोदक खाणाऱ्याला अगदी शेवटी कळते.

हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने शिकलो. आम्ही एका तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. एक आजी आल्या. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या, पुढचे दात मात्र शाबूत. त्यांना अर्धी कवळी करावयाची होती. आम्ही सकाळी नऊच्या सुमारास ठसा घेतला. तो चांगला आला, म्हणून स्वतःवर खूषही झालो. ठसा ओल्या फडक्यात गुंडाळून जिल्ह्याच्या गावी लॅबकडे पाठवावयाचा असा बेत होता. पण रोग्यांच्या गर्दीत ते राहून गेले. ठसा टेबलावर, पंख्याखाली, उघडाच पडून राहिला. दुपारी चारला तो दिसला तेव्हा कडा सुकून वर वळल्या होत्या. आम्ही काय केले? तो तासभर पाण्यात बुडवून ठेवला. कडा पुन्हा मऊ झाल्या, ठसा पूर्ववत दिसू लागला, आणि तसाच तो संध्याकाळच्या एस.टी.ने रवाना केला.

कवळी आली. ती बसेना. घासून घासून बसवली. आजी आठ दिवसांनी हिरडीला व्रण पडले म्हणून आल्या. पुन्हा घासली. "सवय होईल," असे आम्ही त्यांना सांगितले. तिसऱ्या खेपेला त्या कवळी रुमालात बांधून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो डॉक्टर, माझंच तोंड वाकडं झालंय का हो? भाकरी दुधात कुस्करूनच खाते मी आता." तो प्रश्न आम्ही अद्याप विसरलो नाही. चूक आमची, पण दोष मात्र त्या बाईंनी स्वतःच्या तोंडाला दिला होता. 'सवय होईल' हे आमचे शब्द खरे नव्हते. चुकीच्या मापाची सवय होत नाही. माणूस फक्त गप्प बसावयास शिकतो.

आता त्या ठशाचे नेमके काय झाले होते ते पाहू. त्यासाठी थोडे रसायन समजून घेतले पाहिजे.

दातांचे ठसे घेण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील दंतवैद्य फिलिप प्फाफ यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेणाने ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची रीत वर्णिली आहे. पुढे ठशासाठी खुद्द प्लास्टरच वापरू लागले, आणि गरम पाण्यात मऊ होणारे राळेचे मिश्रणही आले. परंतु या सर्व पदार्थांना एक खोड होती. घट्ट झाल्यावर ते लवचिक राहत नसत. दात मुळाशी थोडा निमुळता आणि मध्ये फुगीर असतो. ताठर ठसा त्या फुगवट्यावरून निघेना, निघाला तर तुटे. म्हणजे घट्ट तर व्हावा, पण रबरासारखा वाकून पुन्हा मूळ आकारावर यावा, असा पदार्थ हवा होता.

तो समुद्रातून मिळाला. आपल्याकडे उन्हाळ्यात दुधात 'चायना ग्रास' घालून थिजवलेले गोड पदार्थ करतात. हे चायना ग्रास म्हणजे अगर, लाल जातीच्या समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ. त्याचा गुण असा की, तो वितळतो जवळजवळ उकळत्या पाण्याच्या उष्णतेला, पण थिजतो मात्र चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास. वितळण्याच्या आणि थिजण्याच्या उष्णतेत एवढे अंतर असल्यामुळे तो तोंडाला सोसेल इतका निवला तरी पातळच राहतो, आणि मग तोंडातच थिजतो. व्हिएन्नाच्या अल्फोन्स पोलर यांनी १९२५ च्या सुमारास ठसे घेण्यासाठी त्याचा उपयोग पुढे आणला, आणि १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्यांनी तो उचलला. परंतु उत्तम अगर येई जपानातून. दुसऱ्या महायुद्धात तो मिळेनासा झाला, तेव्हा दुसऱ्या समुद्रशेवाळाकडे, तपकिरी जातीच्या शेवाळाकडे, लक्ष गेले. त्यातील अल्जिनिक आम्ल हे द्रव्य ब्रिटिश रसायनज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांतच वेगळे केले होते. त्यापासून तयार केलेली भुकटी म्हणजेच अल्जिनेट. आजही आपल्या देशातील लहानमोठ्या दवाखान्यांत कवळीचे माप बहुधा हिनेच घेतले जाते. आमच्या पंख्याखाली वाळलेला ठसा हिचाच होता.

या भुकटीत सोडियम किंवा पोटॅशियम अल्जिनेट असते. ते पाण्यात विरघळते. सोबत कॅल्शियम सल्फेट असते. पाणी मिळताच कॅल्शियम अल्जिनेटच्या लांब लांब साखळ्यांना एकमेकींशी जखडू लागते, आणि पाण्यात न विरघळणारी जाळी तयार होते. पण हे तत्काळ झाले तर कालवण्यासही वेळ मिळणार नाही. म्हणून भुकटीत थोडे फॉस्फेट घातलेले असते. ते सुटणारे कॅल्शियम आधी स्वतःकडे ओढून घेते. लग्नाच्या पंगतीत वाढपी मंडळी प्रथम मानकऱ्यांची पाने वाढतात, आणि ती झाल्यावरच बाकीच्यांकडे वळतात, तसाच हा प्रकार. फॉस्फेटची पाने वाढून झाली की मग जाळी विणली जाऊ लागते. तेवढ्या अवधीत डॉक्टरने भुकटी कालवून ट्रे तोंडात बसविलेला असला पाहिजे.

या जाळीच्या घरांत काय असते? पाणी. घट्ट झालेल्या अल्जिनेटच्या ठशात वजनाने निम्म्याहून कितीतरी अधिक भाग पाण्याचाच असतो. अगरच्या ठशात तर शंभरात सुमारे पंचाऐंशी भाग पाणी. म्हणजे आपण ज्याला ठसा म्हणतो तो वस्तुतः आकार दिलेले पाणी होय. बारीक जाळीने ते धरून ठेवले आहे, एवढेच. येथेच सर्व गोष्टींची गुरुकिल्ली आहे. जाळीतील पाणी कमी झाले की ठसा आकसणार, वाढले की फुगणार.

पाणी कमी कसे होते? दोन वाटांनी. पहिली वाट उघड आहे, ती बाष्पीभवनाची. शाडूची ओली गणेशमूर्ती कडक उन्हात ठेवली तर तिला तडे जातात. पेणच्या मूर्तिकारांना हे कोणी शिकवावयास नको. मातीतील पाणी उडून जाते आणि माती आकसते. तेच येथे घडते. दुसरी वाट मात्र गुप्त आहे. विरजलेले दही वाटीत जसेच्या तसे ठेवले तरी काही वेळाने त्यावर पाणी सुटलेले दिसते. कोणी ते ढवळलेले नसते, ऊनही लागलेले नसते. दह्याची जाळी आपोआप आवळत जाते आणि पाणी बाहेर ढकलते. अल्जिनेटचा ठसाही असाच पाझरतो. म्हणून ओल्या फडक्यात, बंद पिशवीत, पूर्ण दमट हवेत ठेवलेला ठसाही सावकाश का होईना आकसतोच. ओल्या फडक्याने बाष्पीभवन थांबते, पाझर थांबत नाही. फडके ही मुदतवाढ आहे, माफी नव्हे.

आता उलट बाजू. ठसा पाण्यात बुडवला तर? जेलीतील क्षारांमुळे बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि ठसा फुगतो. येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. आकसलेला ठसा पाण्यात ठेवला तर जेवढा आकसला तेवढाच फुगून मूळ मापावर का येऊ नये? आम्हीही त्या दिवशी अशीच समजूत करून घेतली होती. पण तसे होत नाही. याचे कारण असे की, आकसणे सर्वत्र सारखे नसते. ठशाच्या पातळ कडा आधी वाळतात, जाड भाग मागाहून. ट्रेच्या छिद्रांत अडकलेला भाग ट्रेला घट्ट धरून असतो, त्यामुळे तेथे ठसा एकीकडे ओढला जातो. या ओढाताणीत जाळीची रचनाच बदललेली असते. नंतर पाणी शिरते तेही आपल्या वाटेने, कोठे कमी, कोठे जास्त. भिजून वाळलेला कागद पुन्हा भिजवला म्हणून सपाट होत नाही. वजन कदाचित पूर्वीइतके भरेल, पण आकार परत येत नाही. आणि डोळ्यांना तर सारे ठीक दिसते! म्हणूनच ही चूक फसवी आहे. वाळलेला ठसा निदान स्वतःची चूक सांगत होता. आम्ही तो भिजवून त्याचे तोंड बंद केले.

आपण म्हणाल, एवढ्याशा आकसण्याने बिघडते काय? थोडा हिशेब करून पाहू. खालच्या जबड्यात एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंतचे अंतर सुमारे पन्नास मिलिमीटर धरू. ठसा शेकडा अर्ध्या टक्क्याने बदलला तरी या अंतरात पाव मिलिमीटरचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा फरक पडतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दातावर बसवावयाच्या कॅपच्या कडेशी किती फट चालेल, याविषयी मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली पुष्कळ कॅपा तपासून १२० मायक्रॉन ही मर्यादा सुचविली, आणि ती आजही आधार म्हणून घेतली जाते. त्याहून मोठी फट राहिली की आतील सिमेंट लाळेने झिजू लागते, अन्नकण साचतात, आणि झाकलेला दात आतून किडतो. रोग्याला ते कळते काही वर्षांनी, दात हलला किंवा दुखला म्हणजे. कवळीच्या बाबतीत हिरडी थोडे सोसून घेते, पण दाताभोवती घट्ट बसणारा तारेचा आकडा सोसत नाही. तो दाताला सारखा रेटत राहतो.

म्हणून अल्जिनेटच्या बाबतीत नियम एकच, आणि तो सोपा आहे. ठसा घ्यावा, वाहत्या थंड पाण्याखाली धुवावा, अंगावरचे जादा पाणी झटकावे, जंतुनाशकाची फवारणी करावी, सांगितलेल्या मिनिटांपुरता झाकून ठेवावा, पुन्हा धुवावा, आणि लगेच प्लास्टर ओतावे. दहापंधरा मिनिटांच्या आत झाले तर उत्तम. काही नव्या भुकट्या अधिक काळ माप टिकवितात असे त्यांचे कारखानदार सांगतात, परंतु तेही ठसा बंद पिशवीत ठेवण्याच्या अटीवर. धुणे टाळता येत नाही, कारण लाळ आणि रक्त ठशावर राहिले तर त्यांच्या संपर्कात आलेले प्लास्टर नीट घट्ट होत नाही आणि नमुन्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. परंतु धुतल्यावर हवेच्या झोताने ठसा खडखडीत वाळवूही नये. आमचे गुरुजी सांगत असत : ठशावर चकाकी दिसली पाहिजे, पण थेंब दिसता कामा नये. चकाकी गेली की समजावे, आकसणे सुरू झाले.

येथवर ठशाच्या पोटातील पाण्याचा विचार झाला. आता तोंडातील पाण्याकडे वळू. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. शिवाय दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेतून एक पातळ स्राव सतत पाझरत असतो, आणि दात घासून लहान केला असेल तर तेथून थोडे रक्तही येते. कॅपची कडा नेमकी याच खाचेशी असते. म्हणजे जेथे सर्वांत बारीक माप हवे, तेथेच सर्वांत अधिक ओल!

या कामासाठी आता रबराच्या जातीचे पदार्थ वापरतात. १९५० नंतरच्या दशकात पॉलिसल्फाइड आणि पहिली सिलिकोन रबरे आली, १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत पॉलिईथर निघाले, आणि १९७० नंतरच्या दशकात आजची नव्या जातीची सिलिकोने आली. या रबरांच्या पोटात पाणी नसते, म्हणून ती वाळून आकसत नाहीत. पण म्हणून पाण्याशी त्यांचा झगडा संपला असे मात्र नव्हे.

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब पडला तर तो पसरत नाही. गोळा होऊन घरंगळतो. पान आणि पाणी यांचे पटत नाही. मूळचे सिलिकोन असेच आहे. थेंब त्याच्यावर नव्वद अंशांहून अधिक कोन करून गोल बसतो. आता दाताच्या कडेशी लाळेचा थेंब आहे आणि त्यावर आपण सिलिकोन दाबले, तर सिलिकोन त्या थेंबाला बाजूला सारून दाताला भिडत नाही. ते थेंबाचाच ठसा घेते. ठशात तेथे गुळगुळीत, गोलसर खळगा दिसतो. काढणाऱ्याला वाटते, ठसा स्वच्छ आला. पण ती दाताची कडा नसते, ते पाण्याचे प्रतिबिंब असते. याच्या उलट पॉलिईथर पाण्याशी जमवून घेणारे आहे. त्यावर थेंब पन्नास अंशांच्या आसपासचा कोन करून पसरतो. त्यामुळे किंचित ओलीतही ते बारीक रेषा टिपते. हे पाहून कारखानदारांनी सिलिकोनमध्येही साबणासारखे गुण असलेली द्रव्ये मिसळली, आणि 'जलस्नेही' म्हणून ती विकावयास आणली. ती पूर्वीपेक्षा निश्चित बरी आहेत. परंतु जलस्नेही या शब्दाने तरुण डॉक्टर फसतात. पाण्याशी स्नेह असणे निराळे, आणि पाण्यातून पलीकडचे पाहता येणे निराळे. थेंब साचलेला असेल तेथे कोणतेही रबर दातापर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा दात कोरडा करण्यावाचून गत्यंतर नाही. गालात आणि जिभेखाली कापसाच्या गुंडाळ्या, लाळ ओढून घेणारी नळी, हिरडीच्या खाचेत ॲल्युमिनियम क्लोराइडसारख्या औषधात भिजवलेला बारीक दोरा, आणि हलका हवेचा झोत, हा सारा खटाटोप त्यासाठी. रोगी कंटाळतो. दोरा बसविताना लागणारी पाच मिनिटे त्याला फुकट गेल्यासारखी वाटतात. ती फुकट नसतात हे त्याला सांगणे आमचे काम आहे. मात्र येथेही एक गंमत पाहा. हाच कोरडेपणा अल्जिनेटला मानवत नाही. दात अगदी खडखडीत वाळविले तर अल्जिनेट त्यांना चिकटते आणि काढताना फाटते. तेथे दात किंचित ओलसरच हवेत. ज्याला जे मानवते ते त्याला द्यावे, हा स्वयंपाकघरातील शहाणपणा दवाखान्यातही खरा ठरतो.

ठसा बाहेर आल्यावरही प्रत्येक रबराची तऱ्हा वेगळी. पॉलिसल्फाइड घट्ट होताना रासायनिक क्रियेत पाणीच निर्माण होते. ते उडून गेले की रबर आकसते, म्हणून त्यात तासाभरात प्लास्टर ओतावे लागते. जुन्या जातीच्या सिलिकोनमधून अल्कोहोल सुटते आणि उडून जाते. त्यालाही थांबणे सोसत नाही. नव्या जातीच्या सिलिकोनमधून असे काही सुटत नाही, त्यामुळे ते आठवडाभरही माप धरून ठेवते. दूरच्या लॅबकडे पाठवावयाचा ठसा याचाच असावा. पॉलिईथर मात्र जितके तोंडात गुणी, तितकेच बाहेर हळवे. पाण्याशी असलेला त्याचा स्नेह ठसा झाल्यावरही सुटत नाही. दमट हवेत ते पाणी शोषून फुगते. त्याला कोरडे ठेवले पाहिजे. दवाखान्यातील मदतनीस पुष्कळदा सर्व ठसे एकाच ओल्या पिशवीत घालतात. अल्जिनेटला जगविणारी ती ओल पॉलिईथरला बिघडविते. दोघांची एका घरात सोय होत नाही.

हवामानाचाही या कामात हात असतो. मुंबईचा किंवा कोकणाचा श्रावण आणि विदर्भाचा वैशाख या दोन टोकांत आपण राहतो. वैशाखात उघडा ठसा पाहता पाहता वाळतो. श्रावणात निराळे संकट. दमट हवेत पॉलिसल्फाइड लवकर घट्ट होते. बिनदाताच्या तोंडात पुरी कवळी करताना झिंक ऑक्साइड आणि लवंगेचे तेल यांचा जो लगदा वापरतात, तोही ओलीने घाईला येतो. हाताळणीला मिळणारा वेळ कमी होतो. अल्जिनेटच्या डब्याचे झाकण उघडे राहिले तर भुकटी हवेतील ओल शोषते, मग ती ठरल्या वेळी घट्ट होत नाही, झाली तरी दुबळी राहून फाटते. प्लास्टरच्या पोत्याचेही तेच. ओल लागलेल्या प्लास्टरमध्ये बारीक खडे आधीच तयार झालेले असतात. असे प्लास्टर प्रथम घाईने घट्ट होऊ लागते आणि अधिक ओल लागली की मुळीच धड घट्ट होत नाही. घरची गृहिणी मिठाची बरणी पावसाळ्यात जशी जपते, तसे हे डबे जपले पाहिजेत.

प्लास्टर कालवतानाचे पाणीही मोजून घ्यावयाचे असते. शंभर ग्रॅम साध्या प्लास्टरला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी लागते, अधिक टणक जातीला २८ ते ३०, आणि कॅपसाठी वापरावयाच्या सर्वांत टणक जातीला २२ ते २४. वास्तविक रासायनिक क्रियेला १९ मिलिलिटरपेक्षाही कमी पाणी पुरते. बाकीचे पाणी केवळ कालवता यावे म्हणून असते, आणि ते वाळून गेले की त्याच्या जागी छिद्रे उरतात. म्हणजे 'अंदाजाने' घातलेला प्रत्येक जादा घोट नमुना दुबळा करतो. अल्जिनेटचेही तसेच. पाणी जास्त झाले तर ठसा फाटतो, कमी झाले तर तो रवाळ होतो. शिवाय विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम अधिक असते, त्यामुळे अल्जिनेट अपेक्षेपेक्षा लवकर घट्ट होते. अनेक गावांत डॉक्टर भुकटीला दोष देतात, आणि दोष असतो हंड्यातल्या पाण्याचा.

अलीकडे शहरांतून ठसाच न घेता, लहान कॅमेऱ्यासारखे यंत्र तोंडात फिरवून दातांचे चित्र संगणकावर उतरवितात. तेव्हा आता पाण्याची पीडा संपली का, असे विचारले जाते. पुष्कळशी संपली हे खरे. चित्र वाळत नाही आणि फुगत नाही. परंतु यंत्र पाहते ते प्रकाशाच्या साहाय्याने, आणि लाळेचा थर प्रकाश चकाकवितो, वळवितो. साचलेल्या थेंबाचा पृष्ठभाग यंत्रालाही दाताचाच पृष्ठभाग वाटतो. जी चूक सिलिकोन करते तीच येथे प्रकाश करतो. कापसाची गुंडाळी आणि हिरडीतला दोरा यांना अद्याप रजा मिळालेली नाही.

आता शेवटी रोग्यांसाठी दोन शब्द. माप घेताना डॉक्टरने दात वाळविण्यात वेळ घालवला तर चिडू नका. ठसा पुन्हा घेऊ, असे तो म्हणाला तर त्याला काम येत नाही असे समजू नका. उलट त्याने आपल्या ठशाकडे नीट पाहिले आहे, असे समजा. आणि नवी कवळी टोचत असेल, कॅप उंच लागत असेल, तर आपले तोंड वाकडे आहे अशी समजूत करून घेऊन ती डब्यात ठेवू नका. परत जा आणि विचारा. विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. तोंड देवाघरचे आहे, ते जसे आहे तसेच बरोबर आहे. चुकले असेल तर आमचे माप.

त्या आजींची कवळी आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केली. या वेळी ठसा घेतल्यावर आम्ही खुर्चीवरून उठून थेट शेजारच्या खोलीत गेलो, आणि दहा मिनिटांच्या आत स्वतःच्या हाताने प्लास्टर ओतले. लॅबकडे ठसा गेला नाही, घट्ट झालेला नमुना गेला. कवळी आली ती कानस न लावता बसली. आजींना आम्ही खरे काय घडले ते सांगितले. पंख्याची गोष्ट सांगितली, पाण्यात भिजवल्याचीही सांगितली. त्या ऐकून घेऊन एवढेच म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं नाही का हो!" पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा हिरडीवर व्रण नव्हता. भाकरी कुस्करावी लागते का, असे आम्ही विचारले. "आता नाही," असे त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून आमच्यासाठी दोन भाकऱ्या आणि ठेचा काढून ठेवला.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात ठसा पंख्याखाली ठेवण्यास बंदी आहे.